बेळगावात नोकरी शोधताना दोन स्पेलिंगं लागतात

माझा धाकटा भाऊ चाकणहून परत आलाय. चार वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे धातूचे पार्ट कापणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर होता तिकडं, पण आईचे गुडघे गेलेत आणि माझं सासर खानापूरला, उचगावच्या घरात दुसरं कोण नाही, म्हणून त्यानं ठरवलं की आता रोज संध्याकाळी घरी येता येईल असंच काम बघायचं. आठ दिवस मोबाईल घेऊन बसला आणि मग मला फोन, "अक्का, बेळगावात कायच नाही गं, सगळं बेंगळूरचंच दाखवतंय."

मला पटेचना. उद्यमबागेत एवढी मशीन शॉपं, फौंड्र्या, मच्छे आहे, होनगा आहे, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवतात, आणि पोरगं हातातलं काम येत असून रिकामं? रविवारी माहेरी गेले आणि त्याच्या शेजारी बसून बघितलं.

पहिली गोष्ट स्पेलिंगची. १ नोव्हेंबर २०१४ पासनं इंग्रजीत शहराचं नाव Belgaum चं Belagavi झालं, पण जाहिरात टाकणारे कितीतरी जण अजून जुनंच स्पेलिंग टाईप करतात. भाऊ फक्त नवं टाकत होता. जुनं टाकलं तर वेगळ्याच जाहिराती आल्या, त्यातल्या तीन तर उद्यमबागेतल्याच! दोन्ही नावांनी अलर्ट लावा, नोकरी डॉट कॉमवर, इनडीडवर, केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर पण, तिथं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्यानं राज्य कर्नाटक निवडलेलं. अरे पण आपल्या दारातनं वेंगुर्ला रोड जातो, बाची संपली की शिनोळी, तिथं कारखाने आहेत आणि उचगाव, तुरमुरीची माणसं रोज तिकडं कामाला जातात. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. आपल्याला ते शेजारचं गाव, ॲपला परराज्य. फिल्टर काढला, कोल्हापूर पण टाकलं, तेव्हा कुठं शिनोळी दिसली. निपाणीकडच्यांनी कागल, गोकुळ शिरगाव असंच बघावं.

बायोडाटात नुसतं ऑपरेटर लिहिलेलं. मी विचारलं तू नेमकं काय करतोस, तर सेटिंग, ऑफसेट घेणं, ड्रॉइंग वाचणं, फानुक कंट्रोल, सगळं येतं की त्याला! ते सगळं घातलं. भाषा पण घातल्या, मराठी, कन्नड, हिंदी. कन्नड तो बोलतो, वाचायला अडखळतो, तसंच खरं लिहिलं.

मधे एकानं व्हॉट्सॲपवर मुलाखतीआधी पंधराशे रुपये मागितले, भाऊ पाठवणारच होता. असं कोण मागितलं तर देऊ नका हो, आणि गेलेच पैसे तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पण खरं काम झालं गुगल मॅपवर. लहान वर्कशॉपवाले जाहिरातच देत नाहीत, त्यांचे नंबर मात्र मॅपवर असतात. उद्यमबाग आणि शिनोळी धरून बावीस नंबर काढले, सोमवारी त्यानं एकेकाला फोन केले, बरेच जण नंतर बघू म्हणाले, चौघांनी ये म्हटलं. शिनोळीच्या एकानं मशीनवर उभं करून एक पार्ट काढून दाखवायला लावला आणि पगार चाकणपेक्षा कमी सांगितला. खोलीभाडं आणि मेस वजा केली तर हातात जवळजवळ तेवढेच राहतात, वहीत मांडून बघितलं आम्ही.

पीएफ कापतात का ते विचारायचं राहिलंय, ते उद्या विचारणार आणि मग हो म्हणणार. आईनं मात्र डबा आजच घासून ठेवलाय.