पंच्याहत्तर टक्के

13 मार्च

आज बस मुद्दाम सोडली. आमच्या खाजगी विद्यापीठातली इंजिनिअरिंगची लॅब साडेचारला संपते आणि बस चार चाळीसला निघते, त्यामुळे चार वाजल्यापासूनच सगळे बॅगा आवरायला लागतात. बावीस जणांची बॅच, मिक्सर एक, साचे सहा. तीन वर्षांत माझ्या वाट्याला बहुतेक वेळा वहीत आकडे लिहायचंच काम आलं. आज ठरवून गेले होते की काँक्रीटचे तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत मी स्वतः करणार.

लॅबमधले काका बडोद्याजवळच्या पादऱ्याचे. इथे यायच्या आधी कितीतरी वर्षं साइटवर काढलेली. त्यांना म्हटलं, "काका, मला थांबू द्याल?" त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरे केवी रीते जशो, बेन?" बाबा न्यायला येतील म्हटल्यावर म्हणाले, "तो चालो."

एम-25 चं मिक्स, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटनचा दाब सोसणारं काँक्रीट. गणित मी काल रात्री बसून केलं होतं. पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45, टार्गेट मात्र 25 च्या वर, 31.6, थोडं कमी-जास्त झालं तरी चालावं म्हणून. पाणी मोजून ओतणार, तेवढ्यात काकांनी थांबवलं. ढिगातून मूठभर वाळू उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "दबावो." बोडेलीची वाळू. मूठ उघडली तर लाडू तसाच राहिला आणि तळहात ओला झाला.

पुस्तकातलं गणित असं धरून चालतं की वाळूनं आपल्यापुरतं पाणी पिऊन घेतलंय आणि वरून ती कोरडी आहे. ही वाळू ओली होती. तिच्यातलं पाणी मी हिशेबात धरलंच नव्हतं. ते वजा केलं नसतं तर माझं 0.45 कधीच 0.5 च्या वर गेलं असतं आणि क्यूब कच्चे निघाले असते. ही दुरुस्ती मी दोन परीक्षांमध्ये लिहून पूर्ण मार्क घेतले आहेत. हाताला ती आज कळली.

मग साचे. 150 मिलिमीटरचे, आतून तेलाचा हात फिरवलेले. एका साच्यात तीन थर, प्रत्येक थराला सळईचे 35 ठोके. तीन क्यूबांचे मिळून 315. दुसऱ्या क्यूबला दंड भरून आले. काका शेजारी उभे राहून गुजरातीत मोजत होते, आणि कोपरा सुटला की नुसतं बोट दाखवत होते. कोपऱ्यात हवा राहिली तर साचा उघडल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. उद्या साचे उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत. 28 दिवसांनी, 10 एप्रिलला, मशीनवर.

बाबा सव्वासहाला आले, मकरपुऱ्याहून थेट, कंपनीच्या कपड्यांतच. वाटेत त्यांनी काही विचारलं नाही. मीही दमले होते.

21 मार्च

स्ट्रक्चरच्या मॅडम सोडून गेल्या. सेमिस्टर अर्ध्यावर असताना. या वर्षातल्या त्या तिसऱ्या. त्यांच्यावर राग नाही. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट, आठवड्याला बावीस तास, आणि अ‍ॅडमिशनचे दिवस आले की पालकांना फोन करायचं काम वेगळं. हे त्यांनीच एकदा बसमध्ये सांगितलं होतं. शिकवायच्या इतकं मन लावून की मोमेंट डिस्ट्रिब्यूशनसारखा रुक्ष विषय आम्ही मागच्या बाकावरून पुढे येऊन ऐकला. आता त्यांच्या तासाला पीपीटी लागते आणि स्लाइड आपोआप पुढे सरकतात.

आज त्याच रिकाम्या तासाला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वर्षाची फी 1,28,000. पंधरा आठवड्यांची दोन सेमिस्टर, आठवड्याला 28 तास, म्हणजे 840 तास. एका तासाला दीडशे रुपयांच्या थोडे वर. ते मांडल्यापासून डोक्यातून जाईना. सर दहा मिनिटं उशिरा आले की पंचवीस रुपये. कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती येणार म्हणून आम्ही आठवडाभर रोपं लावली आणि पायऱ्यांवर रांगोळ्या काढल्या, तेव्हा चार हजारांच्या वर गेले.

मला हे मोजणं आवडत नाही. शिकायला बसलेल्या माणसाच्या मनात गल्ल्यावर बसल्यासारखा हिशेब चालावा, हे मला माझ्यात नको होतं. पण घरात कर्ज असलं की तो येतो. साडेपाच लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून आजीच्या नावावरचं दांडिया बाजारातलं घर गहाण टाकावं लागलं नाही. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षानं सुरू होतील. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, म्हणून बाबा ते दर महिन्याला भरतात. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची मदत मिळाली असती, पण तिला बारावीत 80 पर्सेंटाइल लागतात आणि माझे 78 होते. दोनांनी गेलं. बाबांनी त्या दिवसापासून आजपर्यंत त्या दोनांचा उल्लेख केलेला नाही. मला रोज आठवतात.

2 एप्रिल

डिटेन यादी लागली, म्हणजे हजेरी कमी म्हणून ज्यांना परीक्षेला बसता येणार नाही त्यांची. माझं नाव एकोणिसावं. हजेरी 71 टक्के, लागते 75. आकडा वाचला आणि पोटात गोळा आला.

फेब्रुवारीत आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आई रात्री, मी दिवसा, असे अकरा दिवस दवाखान्यात काढले. डिस्चार्ज पेपर घेऊन ऑफिसात गेले. सर्टिफिकेट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजाराचं हवं म्हणाले, घरच्या माणसाचं चालत नाही. मग त्याच खिडकीतून दुसरा फॉर्म पुढे आला. विषयामागे 500 रुपये, पाच विषय, 2,500. पावती जोडली की हॉल तिकीट मिळेल.

अडीच हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या खिडकीवर कोणी विचारलं नाही की बुडालेलं तुला समजलं का, कोणाकडून वही घेतलीस का, पाचव्या युनिटचं काय करणार आहेस. पैसे भरल्यावर त्या अकरा दिवसांचं शिकणं कुठून येणार होतं? मी तिथे रडले नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

3 एप्रिल

आजीला कळलं. मी लपवलं होतं, पण आई फोनवर मामीशी बोलत असताना तिनं ऐकलं. वॉकर धरून माझ्या खोलीपर्यंत आली आणि दारातच उभी राहिली.

"माझ्या हाडापायी तुला दंड?"

मी तिला बसवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझी पणजी शाळेत गेली ती दंडामुळेच."

हे मला माहीत नव्हतं. आजीची आई. त्यांच्या घरी मुलीनं घरातलं काम करावं, धाकट्या भावांना सांभाळावं, असंच चाललं होतं. पण बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. सुरुवात 1893 मध्ये अमरेलीत, आणि 1906 पासून सगळ्या संस्थानात. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड व्हायचा. पणजीच्या वडिलांना एकदा झाला. दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून त्यांनी धुसफुसत मुलीच्या हातात पाटी दिली. ती मुलगी शिकली, म्हणून तिनं आपल्या मुलीला शिकवलं, आणि ती, म्हणजे माझी आजी, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होती.

"तेव्हा पोर शाळेत नसली की सरकार बापाला धरायचं," आजी म्हणाली. "त्याला विचारायचं, पोरगी कुठाय? तुला कोणी विचारलं का, कुठं होतीस?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं उशाखालचं पेन्शनचं पाकीट काढून अडीच हजार मोजून माझ्या हातात ठेवले. मी घेतले. नाही म्हटलं असतं तर तिला जास्त लागलं असतं.

आता रात्रीचे बारा वाजलेत आणि एकच गोष्ट मनात फिरते आहे. हजेरी हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. एका ठिकाणी ती नसली की माणसाला शोधायला निघत, आणि दुसरीकडे तिच्या जागी पावती चालते. मला खाजगी विद्यापीठ वाईट म्हणायचं नाही. 2009 चा कायदा झाला, खाजगी विद्यापीठं उभी राहिली, म्हणून माझ्यासारख्या दोन पर्सेंटाइलनी राहिलेल्यांनाही इंजिनिअरिंग शिकता येतंय. मला फक्त एवढं हवं आहे की मी नसले तर कोणीतरी विचारावं.

4 एप्रिल

सकाळी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. आमच्या विद्यापीठाची लायब्ररी वातानुकूलित आहे, सोफे आहेत, पण पाचला बंद होते आणि सुट्टीच्या दिवशी तिथवर जायला बस नसते. इथे माझ्या पणजीच्या काळाचा थंडावा आहे. लोखंडी कपाटं आणि मजल्यांमध्ये काचेच्या फरश्या, खाली उजेड उतरावा म्हणून. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेतून बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली. बुडालेल्या पाचव्या युनिटच्या नोट्स तिथे बसून काढल्या. वही दरभंग्याच्या मैत्रिणीची.

तिचंही लिहून ठेवते. पहिल्या वर्षी महिन्याभरात तिचं मन उठलं होतं, परत जायचं होतं. ऑफिसनं सांगितलं की मूळ मार्कशीट फी पूर्ण भरल्यावरच मिळेल. आम्ही दोघींनी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची नोटीस शोधून काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही संस्थेला मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आणि प्रवेश रद्द केला तर किती दिवसांत किती टक्के फी परत द्यायची हेही ठरलेलं आहे. प्रिंट काढून नेली. तिसऱ्या दिवशी मार्कशीट मिळाली. आणि हातात मिळाल्यावर ती म्हणाली, आता राहते. अडकवलेलं नाही हे कळलं तेव्हा तिला राहता आलं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं ती नोटीस एकदा वाचावी असं मला मनापासून वाटतं.

येताना कलाभवनावरून आले. आमच्या घरापासून चालत सात मिनिटं. 1890 मध्ये सुरू झालेलं. हातानं काम करणाऱ्यांना त्यांच्या भाषेत तंत्र शिकवायचं, हा ते उभं करणाऱ्या प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आता ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे आणि माझा नंबर तिच्या कट ऑफला अडकला. पहिली दोन वर्षं मी या फाटकासमोरून जायचं टाळून मागच्या गल्लीनं जायचे. मागच्या महिन्यात चुलतबहिणीच्या साखरपुड्यात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "प्रायव्हेट म्हणजे काय, पैसे भरले की डिग्री." तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज फाटकापाशी उभी राहिले तेव्हा वाळूची ती मूठ आठवली, आणि काका गुजरातीत मोजत होते ते. गज्जरांना असंच काहीतरी हवं असणार.

10 एप्रिल

बाहेर 41 डिग्री. टाकीतून क्यूब काढले तेव्हा पाण्यानं हात गार झाले. प्रत्येकावर खडूनं माझा नंबर, काकांनी पुन्हा गिरवलेला. आजही बस सोडली.

पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला. काकांनी व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. "धीमे धीमे." भार एकदम द्यायचा नाही, ठरलेल्या वेगानं चढवायचा, दोन मिनिटांच्या वर लागतात. 300 झाले, 400 झाले. 500 ला माझा श्वास अडकला. 600 च्या पुढे कडेच्या खपल्या उडायला लागल्या, बारीक, नख तुटल्यासारखा आवाज. मग कडकन आवाज आला आणि आकडा थांबला. 689 किलोन्यूटन. दुसरा 702, तिसरा 711. क्यूबच्या क्षेत्रफळानं भागून सरासरी काढली, 31.1. टार्गेट 31.6 होतं.

"थोडं कमी आलं, काका."

"बेन, पच्चीस जोईता हता," काका म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये माझं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बॅच नंबर नाही, नाव.

बरोबर फुटलेला क्यूब कडेनं झडून जातो आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. तिसऱ्याचा डमरू इतका सुरेख निघाला की मी तो मागून घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला.

बाबा आले. अ‍ॅक्टिव्हाच्या पायापाशी बॅग ठेवताना त्यांचा हात खाली गेला. "काय आहे यात एवढं?"

मी उघडून दाखवलं. त्यांनी डमरू दोन्ही हातांत घेतला, फिरवून बघितला, बोटाच्या पेरानं ठोकला, जसं ते कंपनीत वेल्डिंग ठोकून बघत असणार.

"हे तू केलंस?"

"हो. 711 किलोन्यूटनला फुटला."

"टनात सांग."

"बहात्तरच्या आसपास."

ते थांबले. "आमची क्रेन दहा टनांची आहे," म्हणाले. मग मनाशी हिशेब केला. "सात क्रेन झाल्या की."

घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी तो आजीच्या पलंगावर नेऊन ठेवला आणि तिला सात क्रेनचं सगळं पहिल्यापासून सांगितलं.