ग्वादालाहाराचा डावखुरा

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात येऊन मला आता चार वर्षे होत आली. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालेला कोल्हापूरकर परगावी गेला की तेथील माणूस कोणत्या तालमीचा, म्हणजे कोणत्या फुटबॉल संघाचा, हे आधी पाहतो, आणि या शहरात तो प्रश्न विचारण्यासाठी फार वाट पाहावी लागत नाही. येथे घरे दोनच प्रकारची असतात: चिवास आणि अत्लास या दोन स्थानिक संघांची. चिवासच्या वाट्याला विजेतेपदे आली आणि अत्लासच्या वाट्याला चिकाटी. १९५१ मध्ये एकदा लीग जिंकल्यावर पुढच्या विजेतेपदासाठी या संघाला डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि त्या सत्तर वर्षांत ‘जिंकला तरी मी अत्लासचाच’ अशी स्वतःचीच थट्टा करणारी म्हण समर्थकांमध्ये रुळली. मी ज्या घरात भाड्याने राहतो तेथील घरमालक आजोबा पक्के अत्लासवाले आहेत, आणि आंद्रेस ग्वार्दादो या खेळाडूची बहुतेक कहाणी मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर बसून ऐकलेली आहे.

आपल्याकडे मेक्सिकोचा फुटबॉलपटू म्हटले की हावियेर एर्नांदेस किंवा कुरळ्या केसांचा गोलरक्षक ओचोआ आठवतो. ग्वार्दादोचे नाव क्वचितच निघते. २८ सप्टेंबर १९८६ रोजी याच शहरात जन्मलेला हा डावखुरा खेळाडू अत्लासच्या युवा संघातून वर आला आणि ऑगस्ट २००५ मध्ये मुख्य संघात दाखल झाला. त्यानंतर चारच महिन्यांत तो हंगेरीविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून खेळला. ‘एल प्रिन्सिपितो’, म्हणजे छोटा राजपुत्र, हे त्याचे टोपणनाव पुढे तिशी ओलांडली तरी सुटले नाही.

२००६ च्या विश्वचषकात साखळीतील तीनही सामने बाकावर बसून काढलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलाला प्रशिक्षक रिकार्दो ला व्होल्पे यांनी बाद फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध एकदम पहिल्या अकरांत उतरवले. लाइपझिगमधील तो सामना मेक्सिकोने जादा वेळेत माक्सी रोद्रिगेसच्या अफलातून गोलमुळे १-२ असा गमावला, आणि येथे त्या गोलचा विषय निघाला की आजही माणसे काही क्षण गप्प होतात. त्याच सामन्याच्या अखेरीस अर्जेंटिनाने एका बदली खेळाडूला मैदानात पाठवले होते. त्याचे नाव लिओनेल मेस्सी.

२००७ मध्ये ग्वार्दादो स्पेनमधील देपोर्तिवो ला कोरुन्या या संघात गेला आणि तेथे पाच हंगाम राहिला. २०११ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा संघ न सोडता तो त्या श्रेणीत खेळला आणि पुढच्याच वर्षी विजेतेपदासह संघ वर आला. नंतरचा व्हॅलेन्सियातील काळ मात्र रखडत गेला. डाव्या बगलेवरून धावणाऱ्या या खेळाडूला अनेकदा बचावफळीत खेळावे लागले, आणि २०१४ च्या सुरुवातीला जर्मनीतील लेव्हरकुसन संघाकडे उसना दिल्यावर तेथेही त्याला फारशी संधी मिळाली नाही. अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर, वेग हेच भांडवल असलेल्या खेळाडूची उतरण येथूनच सुरू व्हायची.

ती झाली नाही, याचे श्रेय मी नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोव्हन या संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक फिलिप कोकू यांना देतो. कोकू स्वतः मधल्या फळीत खेळलेले. त्यांनी ग्वार्दादोला बगलेवरून उचलून मैदानाच्या मध्यभागी आणले. चेंडू घेऊन पळणारा खेळाडू आता चेंडू कोठे जावा हे ठरवू लागला, आणि पीएसव्हीने २०१५ मध्ये सात वर्षांनंतर व २०१६ मध्ये पुन्हा डच लीग जिंकली. गंमत अशी की तो पीएसव्हीत येण्याच्या काही आठवडे आधी, २०१४ च्या विश्वचषकात, याच नेदरलँड्सने रॉबेन पडल्यावर मिळालेल्या भरपाई वेळेतील पेनल्टीवर मेक्सिकोला घरी पाठवले होते. ‘ती पेनल्टी नव्हतीच’ हे वाक्य येथे आजही शर्टांवर छापलेले दिसते, आणि ग्वार्दादो त्याच देशात जाऊन कारकिर्दीतील सर्वांत सुखाची वर्षे जगला.

पेनल्टीचे दुसरे प्रकरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०१५ च्या गोल्ड कपच्या, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात पनामा दहा खेळाडूंनिशी १-० ने पुढे असताना, अगदी शेवटच्या मिनिटांत पंचांनी मेक्सिकोला वादग्रस्त पेनल्टी दिली. मैदानात धक्काबुक्की झाली, खेळ बराच वेळ थांबला. ग्वार्दादोने ती पेनल्टी मारली, जादा वेळेत दुसरीही मारली आणि मेक्सिको जिंकला. पेनल्टी मुद्दाम बाहेर मारण्याचा विचार मनात येऊन गेला होता, अशी कबुली त्याने नंतर दिली. ती बाहेरच मारायला हवी होती, असे आजोबांचे ठाम मत आहे, तर शेजारच्या चिवासवाल्यांच्या मते पंचांच्या चुकीचे प्रायश्चित्त खेळाडूने घेण्याचे कारण नाही. मी शेजाऱ्यांच्या बाजूचा आहे. मात्र घरभाडे आजोबांना देत असल्याने तसे मोठ्याने म्हणत नाही. अंतिम सामन्यात जमैकाविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मेक्सिकोत ‘किंतो पार्तीदो’, म्हणजे पाचवा सामना, हा दोन शब्दांचा घाव आहे. १९९४ पासून सलग सात विश्वचषकांत संघ साखळी पार करून चौथ्याच सामन्यात हरला, आणि त्यांतील शेवटच्या चार पराभवांच्या वेळी ग्वार्दादो संघात होता. २०१८ मध्ये मॉस्कोत जर्मनीला हरवले, त्या दिवशी कर्णधार तोच होता. ७४ व्या मिनिटाला त्याच्या जागी राफाएल मार्केस उतरला आणि पाच विश्वचषक खेळणाऱ्यांच्या मोजक्या यादीत जाऊन बसला. मार्केसही अत्लासचाच, हे आजोबा सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात सत्तर वर्षांची भरपाई असते.

चार वर्षांनी कतारमध्ये ग्वार्दादो स्वतः त्या यादीत आला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी समोर पुन्हा अर्जेंटिना, आणि या वेळी दोन्ही कर्णधार, ग्वार्दादो आणि मेस्सी, २००६ च्या त्या सामन्यात खेळलेले. मध्यंतरापूर्वीच दुखापतीमुळे ग्वार्दादोला बाहेर जावे लागले. आजोबांनी तेव्हा टीव्हीचा आवाज बंद केला, आणि मेस्सीचा गोल आम्ही निःशब्दच पाहिला. विश्वचषकातील ग्वार्दादोचा पहिला आणि शेवटचा सामना असा एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध झाला. राष्ट्रीय संघाकडून सर्वाधिक सामन्यांचा क्लाउदिओ सुआरेसचा १७७ चा विक्रमही त्याने मागे टाकला.

त्याआधी एप्रिलमध्ये स्पेनमधील बेतिस या संघाकडून त्याने तेथील राजचषक (कोपा देल रे) जिंकला होता, तोही आपल्याच जुन्या व्हॅलेन्सियाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून. २०२४ च्या सुरुवातीला तो मायदेशी परतला, पण अत्लासकडे नव्हे, तर येथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या लेओन संघाकडे. पाच विश्वचषक खेळणारा जगातील पहिला फुटबॉलपटू, गोलरक्षक आंतोनिओ कार्बाहाल, याच लेओनचा, हा योग मला फार समर्पक वाटतो. आजोबांना तो मुळीच पटत नाही. अत्लासने सत्तर वर्षांनी ती लीग जिंकली तेव्हा अंतिम सामन्यात समोर लेओनच होता, आणि घरी निघालेला आपला मुलगा वाटेत त्याच पाहुण्यांकडे मुक्कामाला राहिला, ही त्यांची तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो.