हुशार कोणाला म्हणायचं?

आज मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात शेवग्याच्या शेंगा घेत होते. भाजीवाल्या बेननी आधी विचारलं, आजच करणार की परवा? मग त्याप्रमाणे शेंगा निवडून दिल्या. तेवढ्यात एकीचा हिशेब तोंडी केला, दुसरीच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "शिकली असती तर हुशार झाली असती."

झाली असती? आहेच की ती हुशार!

मानसशास्त्रज्ञ जोसेफ ग्लिक यांनी लायबेरियातल्या क्पेले लोकांना वस्तूंचे गट करायला सांगितले होते. त्यांनी सुरीजवळ फळ ठेवलं, कारण सुरीनं फळ कापतात. शहाणा माणूस असंच करतो, म्हणाले. मग विचारलं, मूर्ख कसं करेल? तर भराभर सगळी अवजारं एकीकडे, सगळं खाणं दुसरीकडे. आपल्या परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील असं! हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

युगांडातल्या खेड्यांत तर सावकाश, जपून विचार करणं हे बुद्धीचं लक्षण मानत, असं मानसशास्त्रज्ञ मॅलरी वोबर यांना १९७४ च्या सुमारास आढळलं. आमच्या दांडिया बाजारात मात्र पाढे धडाधड म्हणणारं पोरच हुशार. मला हे मुळीच पटत नाही.