पडू देऊ नका!

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, रुग्ण दारात अडतात. मोकळ्या खोलीत बरा चालणारा माणूस उंबरठ्याशी आला की त्याचे पाय जमिनीला चिकटतात. धड पुढे निघालेलं, पावलं मात्र जागच्या जागी. वळताना हेच होतं, आणि मागून कुणी ‘चला, चला’ केलं की आणखी बिघडतं. आम्ही फिजिओथेरपिस्ट याला पाय गोठणं म्हणतो. उपाय ठरलेले आहेत: जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवायच्या, तालावर चालायचं, किंवा थांबून वजन एका पायावर घ्यायचं आणि मग दुसरा पाय मोठा टाकायचा. उपयोग होतो. पण हे रोज घरी करा म्हटलं की बहुतेकांचा उत्साह लवकरच मावळतो, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ‘पाऊल उचला, दहा वेळा’ हे वाक्य दिवसभर बोलून मीही कंटाळते.

त्या दिवशी समोर होते ते काका सत्तरीतले, निवृत्त शिक्षक. बोलणं मोजकं, आणि आजारानं चेहऱ्याच्या हालचाली मंदावल्यामुळे उगाचच रागीट दिसायचे. दिलेले व्यायाम ते करायचे, पण कर भरावा तसे. काकू नेहमी सोबत.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझी सहकारी एका सात-आठ वर्षांच्या मुलीबरोबर फुगा खेळत होती. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे, मुलीचा एक हात आखडलेला. तो वर जावा म्हणून हा खटाटोप. नियम एकच, फुगा जमिनीला लागता कामा नये. इकडे काका दाराशी अडकलेले, मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून ‘वजन डाव्या पायावर घ्या’ सांगतेय, आणि तेवढ्यात तो फुगा भरकटत आमच्याकडे आला. मुलगी ओरडली, “आजोबा, पडू देऊ नका!”

काकांनी दोन लांब ढांगा टाकल्या आणि फुगा परतवला.

मी पट्ट्यासकट ओढली गेले. मुलीनं फुगा पुन्हा यांच्याकडेच मारला. काका बाजूला सरकले, अर्धे वळले आणि त्यांचा जो हात जास्त मंदावला होता त्यानंच तो टोलवला. मला फुगा दिसतच नव्हता, मी त्यांच्या पायांकडे बघत होते. वळण हे त्यांचं सगळ्यात अवघड काम. एरवी तिथे दहा-बारा बारीक पावलं पडायची, इथे तीन पडली. मग मुलगी दमली, खेळ थांबला, काका दाराकडे निघाले आणि पुन्हा अडकले.

“म्हणजे जमतं की यांना!” काकू म्हणाल्या. “मग घरी काय नाटक करतात?”

हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे, आणि रुग्णाला तो आजाराइतकाच लागतो. म्हणून ती वेळ मी व्यायामाला न देता काकूंना दिली. मनाशी ठरवून, आतून सुरू करायच्या हालचालींत मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो. कंपवातात डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि नेमकं हेच काम अडखळतं. पण बाहेरून काही समोर आलं, जमिनीवरची पट्टी असो, ताल असो की अंगावर येणारा फुगा, तर डोळ्या-कानांकडून आलेल्या माहितीवर मेंदू दुसऱ्या वाटेनं हालचाल घडवू शकतो. लहान मेंदूची त्यात मदत होत असावी, असं मानलं जातं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती आणि सायकल मात्र तो सहज चालवत होता. तोही नाटक करत नव्हता. अर्थात फुगा मारता आला म्हणून आजार हटला, असंही नाही. तेही काकूंना सांगावं लागलं.

काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तेव्हा मला पाय आठवलेच नाहीत.”

आमच्या शास्त्रात यावर भरपूर काम झालं आहे. लक्ष स्वतःच्या अवयवाकडे न ठेवता हालचालीच्या परिणामाकडे ठेवलं तर ती जास्त सहज होते, असं हालचालींच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगांतून दाखवलं. निरोगी माणसांतही हे दिसतं. आम्ही मात्र दिवसभर लोकांना ‘गुडघा बघा, टाच बघा’ सांगत असतो.

आता नव्या रुग्णाला मी विचारते, शेवटचं कधी खेळलात? आधी हसू येतं, मग लोक आठवू लागतात, आणि बहुतेकांचं उत्तर नोकरी किंवा लग्नापाशी येऊन थांबतं. त्यानंतर फार तर ‘व्यायाम’, तोही डॉक्टरांनी सांगितला म्हणून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि पासष्टीनंतर तोल व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस. आकडा ठीक आहे, पण तीस वर्षं तो पाळायला लावील असं काय आहे, हे आकडा सांगत नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. बैठ्या लोकांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, जॉगिंगवाले ३.२ आणि जिमवाले १.५. मी हे आकडे जपून वापरते, कारण टेनिस खेळणाऱ्याकडे मुळात सवड, पैसा आणि मित्र असतात. तरी खेळात समोर कुणीतरी वाट बघत असतं, ट्रेडमिलवर नसतं, एवढं मला पटतं. २०१९ मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी टेबल टेनिसची जागतिक स्पर्धाच भरली, हे कळल्यावर काका पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

सध्या ते गोळीचा असर चांगला असतो त्या वेळात घरी फुगा खेळतात, काकू समोर. नियम माझे: पाठीशी भक्कम खुर्ची, पायात सैल सपाता नकोत, आणि फुगा डोक्यावरून मागे गेला तर सोडून द्यायचा, कारण मागे पाऊल टाकताना तोल जाण्याचा धोका मोठा. हा शेवटचा नियम काका पाळत नाहीत. काकूंनी तक्रार केली तेव्हा मी फुगा दोरीनं छताला टांगायला सांगितला. काका म्हणतात, टांगलेला फुगा पडणारच नसेल तर खेळायचं कशाला? त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.