सात का साठ? पाण्याखालचा फोन बनवताना

गेल्या दोन वर्षांत शनिवारी कुठे असतोस असं सगळे विचारतात म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आमच्या इथे मिशिगनमध्ये दोन घरं सोडून एक रिटायर्ड टूलमेकर राहतात, वय ७१, मी त्यांना काका म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांनी गॅरेजमध्ये पाणबुडी बनवलीय. खरीखुरी, माणसं बसतात अशी. किट्रेज के-३५० नावाचं जुनं डिझाइन आहे, दोन माणसं, ३५० फुटांपर्यंत जायचं. वेल्डिंग, व्हॉल्व्ह, बॅटरी सगळं काकांचं, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून वरच्या बोटीशी बोलायचा फोन माझ्या गळ्यात पडला.

पहिल्यांदा मलाही वाटलं होतं की त्यात काय, दोन वॉकीटॉकी घेऊ. पण पाण्यात रेडिओ मरतो, खाऱ्या पाण्यात तर वॉकीटॉकीची लहर काही सेंटीमीटरमध्येच संपते. आपल्या नेव्हीचं तामिळनाडूत आयएनएस कट्टबोम्मन म्हणून स्टेशन आहे ना, ते १८.२ किलोहर्ट्झ इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर (ती लहर पाण्यात थोडी तरी शिरते) पाणबुड्यांना संदेश पाठवतं, त्यासाठी केवढे उंच टॉवर आणि केवढी पॉवर, आणि तरी त्यावर बोलता येत नाही, नुसता सावकाश जाणारा कोडमधला मजकूर, तोही एकतर्फी. म्हणून मग आवाजच वापरायचा. पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त.

पण आपला आवाज जसाच्या तसा पाण्यात सोडून भागत नाही. बोलण्याच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्सड्यूसर (पाण्यातला स्पीकर-कम-माइक) अवाढव्य लागतो, आणि बोटींची घरघरही नेमकी तिथेच. म्हणून आवाज उचलून वरच्या फ्रिक्वेन्सीला न्यायचा, सिंगल साइडबँड नावाच्या रेडिओच्या पद्धतीने, हॅमवाले म्हणजे हौशी रेडिओवाले करतात तसंच, फक्त अँटेनाच्या जागी पिझो, म्हणजे वीज दिली की थरथरणारं सिरॅमिक. डायव्हर लोकांचे फोन बरेचसे ३२.७६८ किलोहर्ट्झवर चालतात. आकडा ओळखीचा वाटला का? मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला क्रिस्टल! १५ वेळा अर्धा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका. कुठेही स्वस्तात मिळतो म्हणून मीही तोच घेतला. बोलणं ३३ ते ३६ किलोहर्ट्झमध्ये बसतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या ९६ किलोहर्ट्झवाल्या साध्या साउंड कार्डच्या आवाक्यात, त्यामुळे दुसऱ्या व्हर्जनमध्ये मी फिल्टर-बिल्टर सगळं सॉफ्टवेअरमध्ये ढकललं आणि सोल्डरिंगची कटकट निम्मी झाली.

ट्रान्सड्यूसर म्हणजे पिझो सिरॅमिकची पोकळ नळी, म्हणजे आवाज चारी बाजूंना जातो. ती रबरी टोपणात घालून आत तेल भरायचं, आणि तेल कुठलं तर एरंडेल! खरंच, सोनारवाले वर्षानुवर्षं एरंडेल वापरतात कारण त्यातून आवाज जवळजवळ पाण्यासारखाच जातो. व्हिडिओ कॉलवर आईने टेबलावरची बाटली बघितली आणि पहिला प्रश्न, "पोट बिघडलंय का रे?"

पहिली टेस्ट स्विमिंग पूलमध्ये केली, ती करू नका. चारी बाजूंना काँक्रीट, पाच मीटरवरून बोललं तरी देवळाच्या गाभाऱ्यात दहा जण एकदम बोलतायत असं ऐकू येतं. मी आठवडाभर सर्किटला शिव्या देत होतो आणि तळ्यात नेल्यावर तेच सर्किट १५० मीटरवर व्यवस्थित बोललं. मग दुसरी भानगड, पाणबुडीच्या मोटर चालू केल्या की कानात नुसती शिट्टी. ती पाण्यातून येत नव्हतीच, मोटर कंट्रोलर १७ किलोहर्ट्झवर स्विचिंग करत होता आणि १७ ची दुप्पट ३४, म्हणजे बरोबर माझ्या बँडच्या मधोमध. दोन रात्री गेल्या हे शोधण्यात. वायरिंग शील्ड केलं, थोडं कमी झालं, शेवटी काकांनीच निकाल दिला की बोलायचं तेव्हा मोटर बंद. (हे आधीच सुचायला हवं होतं.)

आता मुख्य किस्सा. मी आणि काका खाली, बायको बोटीवर फोन आणि फिश-फाइंडर (खोली दाखवणारं मासेमारीचं यंत्र) घेऊन. तिने सांगितलं, "तुमच्या खाली साठ फूट." मला ऐकू आलं "सात". मी काकांना ओरडून सांगितलं सेव्हन फीट, त्यांनी काही न विचारता बॅलास्ट टँकमध्ये (पाणी भरलं की पाणबुडी बुडते, हवा भरली की वर येते ती टाकी) हवा सोडली आणि आम्ही बुचासारखे वर! बोटीवरून बायको, "काय रे, काय झालं?" तळ आणि पृष्ठभाग दोन्हीकडून आवाज आपटून येतो, शब्दाचं शेपूट त्या प्रतिध्वनीत बुडतं, मग त काय आणि ठ काय. तेव्हापासून आकडे सुटे सांगायचे, सहा-शून्य, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचे. मी पॉवर वाढवून बघितली होती, उपयोग शून्य, आवाजाबरोबर प्रतिध्वनीही तेवढाच मोठा होतो. सावकाश बोललं, मध्ये थांबलं की मात्र लगेच फरक पडतो.

दर १५ मिनिटांनी हाक द्यायची, दोनदा उत्तर आलं नाही तर गुपचूप वर यायचं, हा आमचा नियम. काका त्याबाबतीत कडक आहेत, त्यांना १९७३ ची पायसीस थ्री ही छोटी पाणबुडी आठवते. आयर्लंडजवळ सुमारे ४८० मीटर खोलीवर तिच्यातली दोन माणसं तीन दिवसांहून जास्त अडकली होती, बाहेर काढलं तेव्हा १२ मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. त्या सगळ्या वेळात वरच्या जगाशी त्यांचा दुवा म्हणजे असलाच फोन.

उन्हाळ्यात अजून एक गंमत होते. वरचं पाणी कोमट, २५ फुटांखाली एकदम गार, आणि आवाज गार पाण्याकडे वाकतो. आम्ही त्या थराखाली गेलो की बोलणं पुसट. उपाय सोपा निघाला, बोटीवरची केबल लांब करून तिकडचा ट्रान्सड्यूसरही त्याच गार थरात सोडला आणि आवाज परत आला.

फेब्रुवारीत तळं गोठल्यावर पाणबुडीशिवायच टेस्ट केली, बर्फाला ४०० मीटर अंतरावर दोन भोकं पाडून. बोटी नाहीत, लाटा नाहीत, इतकं शांत पाणी मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "सहा-शून्य, ऐकू येतंय का?" तिकडून स्वच्छ उत्तर आलं, "सहा-शून्य, येतंय, आता गाडी काढ, माझ्या पायाची बोटं गेली."