शिम घातल्यावर

दिवसभर डोक्यात तेच घोळतंय. काल रात्री केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढची, लष्कराचे शस्त्र-तज्ज्ञ रोनाल्ड सिमन्स यांची साक्ष वाचत बसले होते आणि एका उत्तरापाशी अडकले ती अजून तिथेच आहे. केनेडींच्या खुनातली 6.5 मिमीची इटालियन रायफल 1964 मध्ये लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत चाचणीला आली, तेव्हा तिची दुर्बीण नेमावर येईचना. मग दोन शिम, म्हणजे फट भरायचे पातळ पत्र्याचे तुकडे, घातल्या, एक आडव्या चुकीसाठी, एक उंचीसाठी. आणि त्यानंतर चाचणी घेतली.

आता शिम घालणं मला काही नवीन नाही. स्क्रू शेवटाला टेकला की घालावीच लागते, आम्ही रोज घालतो. पण ती मशीन चालू करायला. इथे तर मशीनच पुरावा आहे. ती जशी हाती आली तशीच मोजायची ना?

दादाला फोनवर सांगितलं. म्हणाला, "अगं, साठ वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं प्रकरण, तुला काय त्याचं?" वहिनीने जेवणाचं विचारलं. ज्या गोष्टीने माझी झोप उडते तिच्याबद्दल बोलायला या घरात, या गावात एक माणूस असू नये, याचं आज फार वाईट वाटलं. गेल्या महिन्यातलं ते गेजचं प्रकरणही मी असंच एकटीने... नको, ते इथे नको.

परत साक्षीकडे. शिम घालण्याआधीची मापं मुळात आहेत, ती एफबीआयच्या रॉबर्ट फ्रेझिअर यांची. 27 नोव्हेंबर 1963 ला, म्हणजे खुनानंतर पाचव्याच दिवशी, तिघांनी 15 यार्डांवरून प्रत्येकी तीन गोळ्या झाडल्या. वेळ लागला 9, 7 आणि 6 सेकंद. मग 25 यार्डांवर फ्रेझिअरनी एकट्याने 4.6 आणि 4.8 सेकंद. घड्याळ पहिल्या गोळीला सुरू होतं, म्हणजे तीन गोळ्यांमध्ये मोकळी जागा दोनच. 4.6 चे निम्मे 2.3. त्या क्षणाचं चित्रण करणाऱ्या झाप्रूडरचा कॅमेरा सेकंदाला 18.3 चौकटी टिपत होता, त्या हिशेबाने दोन गोळ्यांत निदान 42 चौकटी. एकट्या माणसाला एवढ्या वेळात जमेल का, हा केवढा वाद या एका भागाकारावर उभा आहे!

पुढे 100 यार्डांवर गोळ्या काही इंच वर आणि उजवीकडे गेल्या, पण तीन-तीनचा प्रत्येक गट 3 ते 5 इंचांत बसला. हे वाचलं आणि जरा हायसं वाटलं. रिपीटेबिलिटी आहे, म्हणजे गोळ्या दर वेळी जवळजवळ एकाच जागी जातात; झीरो, म्हणजे नेमाचा मूळ बिंदू, तेवढा सरकलेला. फ्रेझिअर म्हणतात, आडवा स्क्रू फिरवला की उभ्या दिशेतही फरक पडायचा. असली दुर्बीण हाताळणाऱ्याचा जीव किती मेटाकुटीला येतो ते मला विचारा.

तरी खरा प्रश्न तसाच राहतो. खून आणि या चाचण्या यांच्यामध्ये रायफल कितीतरी हातांतून गेली होती. मग हा झीरो 22 नोव्हेंबरला साडेबारा वाजता सरकलेला होता, की नंतर सरकला? शिम घाला, नका घालू, उत्तर त्या रायफलीत आता नाही. आज संध्याकाळपर्यंत मला याचा संताप येत होता. आता तेवढा येत नाही. सिमन्स यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: कसलेल्या नेमबाजाला हे एवढ्या वेळात जमतं का. त्यासाठी नेम लागणारी दुर्बीण हवीच होती, आणि काय घातलं, कशासाठी घातलं, हे त्यांनी शपथेवर सांगून ठेवलं. ते सांगितलं नसतं तर मला कळलं तरी असतं का?

त्या चाचणीत मनोऱ्यावरून 175, 240 आणि 265 फुटांवरची लक्ष्यं होती, तीही स्थिर. पहिल्या गोळीला हवा तेवढा वेळ. पहिलं लक्ष्य सगळ्यांना साधलं, चुकली ती दुसरी गोळी, कारण तिथे रायफल जास्त वळवावी लागत होती. त्यात बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायचा खटका, इतका घट्ट की तो ओढताना नळीच लक्ष्यावरून हलायची. एकाने मात्र दुर्बीण सोडून उघड्या साइटने, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणांनी, 4.45 सेकंदांत तिन्ही गोळ्या झाडल्या. मारणाऱ्याने त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावलाच नसेल, तर माझी कालपासूनची सगळी तगमग भलत्याच भागापाशी चाललीय. या खुनाची पुन्हा चौकशी करणाऱ्या अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीच्या 1979 च्या अहवालात उघड्या साइटबद्दल लिहिलंय. रविवारी तो वाचायचा.