पिवळी माती आणि चार अंडी

खड्ड्याच्या उतारावर पिवळा पट्टा दिसला आणि एक्सकॅव्हेटर थांबला. हॅनफर्डमध्ये पिवळी माती म्हणजे सोडियम डायक्रोमेट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कोलंबिया नदीकाठी १९४४ पासून इथल्या अणुभट्ट्या प्लुटोनियम बनवत. थंड करायच्या पाण्यात, पाइप गंजू नयेत म्हणून, हे रसायन घालत. गळतीतून ते जमिनीत मुरलं.

कुठल्या ट्रकला कुठला कायदा लागू होतो, हे ठरवणं माझं काम. मातीतला किरणोत्सर्ग अणुऊर्जा कायद्याखाली, म्हणजे ऊर्जा खात्याकडे. डायक्रोमेटमधलं क्रोमियम घातक कचऱ्याच्या कायद्याखाली, तिथे राज्याचा शब्द चालतो. आणि सगळी साफसफाई सुपरफंड, म्हणजे प्रदूषित जागा साफ करण्याच्या कायद्याखाली, त्यावर केंद्राच्या पर्यावरण संस्थेची देखरेख. १९८९च्या त्रिपक्षीय करारानं या तिघांना एका टेबलाशी बसवलं. सुपरफंडच्या जागेवरच्या कामाला वेगळा परवाना लागत नाही, हे ऐकून नवखे निर्धास्त होतात. परवाना लागत नाही, पण मर्यादा सुटत नाही. त्याच उतारावरच्या आधीच्या नमुन्यात पाझरणारं क्रोमियम लिटरला ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघालं होतं. म्हणजे पुरण्याआधी सिमेंटमध्ये कालवणं आलं.

एवढं लिहून होतंय तोवर जीवशास्त्रज्ञ बाईंचा रेडिओवर निरोप आला: ट्रकच्या रस्त्याच्या कडेला किलडिअरनं चार अंडी घातलीत. हा टिटवीच्या कुळातला पक्षी, तसाच उघड्या खड्यांवर अंडी घालणारा. आमच्या गावी टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. इथे १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. अंड्यांना धक्का लावायचा नाही.

माझा जीव खालीवर होत होता. हे क्रोमियम भूजलातून नदीकडे सरकतं. नदीपासून आत भूजलाला लिटरला ४८ मायक्रोग्रॅम चालतं, पण नदीला मिळताना १०च, कारण तळाच्या खड्यांत सॅल्मन माशांची पिल्लं असतात. अंडी फुटेपर्यंत काम महिनाभर थांबवणं मला मान्य नव्हतं.

ट्रकसाठी जवळची दुसरी वाट अस्पर्श जमिनीवरून जात होती. तिथे आदिवासी जमातींच्या पूर्वजांच्या खुणा असू शकतात. १९६६च्या वारसा कायद्यानुसार त्यांच्याशी बोलल्याशिवाय तिथे चाक घालायचं नाही, आणि ते मला पटतं. शेवटी आधीच खणलेल्या बाजूनं लांबचा उतार काढला. फेरी वाढली, पण खणणं चालू राहिलं.

संध्याकाळी पहिला ट्रक त्या वाटेनं वर आला, तेव्हा किलडिअर अंड्यांवर बसलेली होती.